पावसात ठेवलेली मॉरिस

“प्रभा, हात पुढे कर,” प्रधानबाई म्हणाल्या.

मी केला. त्यांनी माझ्या तळव्यावर गाडीची किल्ली ठेवली आणि माझी बोटं स्वतःच मिटवून टाकली. मी ती लगेच परत देईन हे त्यांनी ओळखलं असणार.

“बाई, मला गाडीतलं काही कळत नाही.”

“मला तरी आजारातलं कुठं काय कळतं? तरी निघालेच आहे ना मुंबईला?”

आम्ही त्यांच्या अंगणात उभ्या होतो. मे संपत आला होता. महाबळेश्वरच्या बाजारातली हॉटेलं एकेक करून मिटत होती, चण्यांच्या नि मधाच्या दुकानांना फळ्या लागत होत्या. आणि आमच्यासमोर, करवंदीच्या कुंपणाला लागून, बाईंची काळी मॉरिस मायनर उभी होती. एकावन्न सालची. गोल गरगरीत बोनेट, आणि वळायचं असलं की दाराशेजारच्या खांबातून खटकन बाहेर येणारा केशरी हात. तो हात बघायला आळीतली पोरं गाडीमागे धावायची.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. प्रधानबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या काळात गावात गाडी चालवणारी बाई म्हणजे त्या एकट्याच. त्यांचे यजमान नाना मधमाश्या पाळायचे आणि गाडीत नेहमी डावीकडे बसायचे. चालवायची जागा बाईंची. गेल्या सत्तावीस वर्षांत त्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं गावानं पाहिलं नव्हतं.

“पण ठेवणार कुठं तुम्ही गाडी?” मी विचारलं. त्यांचं गॅरेज आदल्या पावसाळ्यात जांभळाचं झाड पडून मोडलं होतं, ते तसंच पडून होतं.

“इथंच. अंगणात.”

“बाहेर? सगळा पावसाळा?”

व्हरांड्यात नाना मधाच्या पेटीचं झाकण पुसत बसले होते. ते तिथून म्हणाले, “मीही तेच म्हणतोय गं. अगं, तो इब्राहिम तर—”

“नाना, तुम्ही तुमच्या माश्या बघा,” बाई म्हणाल्या. नाना पुन्हा झाकण पुसू लागले.

महाबळेश्वरला पाऊस पडायला येत नाही, राहायला येतो. जूनमध्ये आला की गौरीगणपती आटोपेपर्यंत हलत नाही. भिंतींना घाम सुटतो, मिठाचं पाणी होतं, चपलांवर बुरशीचे केस उगवतात. कपडे वाळवायला शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालावं लागतं. धुकं दारातून आत येतं नि खिडकीतून निघून जातं, पाहुणा असल्यासारखं. घरांनासुद्धा लोक बाहेरून झड्या बांधतात, म्हणजे बांबूच्या चौकटीत गवत दाबून केलेले पडदे, नाहीतर भिंती विरघळायच्या. घोडेवाले आपले घोडे घेऊन घाटाखाली उतरतात. अशा पावसात जिवापाड जपलेली गाडी कुणी अंगणात ठेवतं?

हे सगळं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. बाई म्हणाल्या, “म्हणूनच तुला सांगतेय. दर रविवारी इंजिन सुरू करायचं, गरम होईपर्यंत चालू ठेवायचं. थोडी पुढे, थोडी मागे घ्यायची, नाहीतर टायर एका जागी बसतात. आत चुनकळीच्या परड्या ठेवणार आहे मी, ओल ओढून घ्यायला. ती विरली की बदलायची. उघडीप मिळाली की दारं उघडी टाकायची, बुरशी दिसली की पुसायची. आणि गुरुवारी सकाळी दहाला वाण्याकडे जायचं. मी फोन करीन तिथं. मला सगळं सांगायचं.”

“बाई, दुसऱ्या कुणाला—”

“दुसरं कोण आहे मला?” त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याच्यानं स्वतःची वेणीसुद्धा घातली जात नव्हती. त्या वर्षी होळीच्या आधी मला पहिली मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. लोक येऊन भेटून गेले. “वय आहे तुझं, होईल दुसरं,” म्हणाले. मग लोक यायचे थांबले आणि मीही बाहेर पडायचं थांबले. माझे यजमान दिनकर वीज मंडळात वायरमन होते. ते कामावर गेले की मी दार लावून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ते संध्याकाळी आले की दोघांसाठी भात टाकायची. आम्ही दोघंही तिचं नाव काढत नसू. काढायला नाव ठेवलंच कुठं होतं? आमच्या नि बाईंच्या घरामध्ये फक्त ते करवंदीचं कुंपण होतं, आणि तरी तीन महिन्यांत मी ते ओलांडलेलं नव्हतं. त्या दिवशीसुद्धा बाईंनीच कुंपणावरून हाक मारली होती. त्यांच्या छातीत गाठ निघाली होती. मुंबईला ऑपरेशन होतं, त्यानंतर विजेचे शेक. परत कधी येणार ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. परत येणार का, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाई मुलाणी गडी घेऊन आले. त्यांचे घोडे होते, सीझनमध्ये ते पॉइंटांवर फिरायचे. माणूस बोलका, पण त्या दिवशी गप्प-गप्प होते. त्यांनी बांबू रोवले आणि तीन बाजूंनी नि वरून झड्या बांधून गाडीसाठी एक झोपडीच उभी केली. वारा पश्चिमेचा, म्हणून उघडी बाजू पूर्वेकडे, फाटकाकडे. गाडीचं तोंडही फाटकाकडे. चाकांखाली फळ्या घातल्या.

“ताडपत्री टाका की वरून,” मी म्हटलं.

“अंगाला लागून नको. आतून घाम धरते नि रंग सोलतो,” बाई म्हणाल्या. “वारा हवा तिला. चल, बस.”

त्यांनी मला चालवायच्या जागेवर बसवलं. स्वतः डावीकडे बसल्या. चोक ओढायला शिकवलं, क्लच दाबायला शिकवलं. गाडीनं गचका खाल्ला, बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. बाई एकदाही रागावल्या नाहीत. मात्र एकदा दचका बसला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं छाती धरली, आणि मी बघते आहे असं दिसताच हात खाली घेतला.

“पहिला गिअर टाकला की सावकाश सोड पाय. तिला सांगितल्यासारखं.”

“काय सांगितल्यासारखं?”

“चल म्हणून.”

दोन सकाळी त्यांनी मला असं शिकवलं. तिसऱ्या दिवशी त्या नि नाना मुंबईच्या एस.टी.त बसले. स्टँडवर मी गेले नाही. मला जमलं नाही.

पाऊस आला तसा मी पहिल्या रविवारी खिडकीतूनच गाडीकडे बघत बसले. नको जायला असं ठरवलंही होतं. पण झड्यांवरून पाणी कोसळत होतं आणि आत त्या काळोखात गाडीचे दोन दिवे माझ्याकडे बघत होते. शेवटी डोक्यावर इरलं घेतलं आणि गेले. दार उघडलं तर आतून थंड, ओला वास आला. स्टिअरिंगवर पांढुरकी बुरशी धरायला लागली होती. मी ती पदरानं पुसली. चोक ओढला, बटण खेचलं. इंजिन खाकरलं, थांबलं, पुन्हा खाकरलं नि एकदम सुरू झालं. सगळी गाडी थरथरायला लागली. माझे हात स्टिअरिंगवर होते, तेही थरथरले. किती वेळ बसले कोण जाणे. घरी आले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती.

दिनकर कामावरून आले, दारातल्या चिखलाच्या पायांकडे बघून म्हणाले, “कुणी आलं होतं?”

“नाही. मीच गेले होते गाडीकडे.”

त्यांनी हातपाय धुतले. त्या दिवशी भात त्यांनी वाढला.

गुरुवारी वाण्याच्या दुकानात फोन आला. पावसाच्या नि तारांच्या खरखरीत बाईंचा आवाज. मला वाटलं, त्या ऑपरेशनचं काही सांगतील.

“चालू झाली?”

“झाली. तुम्ही कशा आहात, बाई?”

“पहिल्याच खेपेला?”

“दुसऱ्या. बुरशी होती, पुसली. बाई, ऑपरेशन—”

“कशानं पुसलीस?”

“पदरानं.”

“फडकी आहेत की मागच्या सीटखाली. पदर कशाला घाण केलास?” आणि फोन ठेवला.

असंच चालत राहिलं. त्या गाडीचं विचारायच्या, मी गाडीचं सांगायची. एकदा सांगितलं, मागच्या सीटवर बेडूक होता. एकदा सांगितलं, उंदरानं सीटचा काथ्या ओढलाय. मग उंदीर शिरू नयेत म्हणून बाईंनी सांगितल्याप्रमाणे धुराच्या नळीत चिंधी कोंबली, आणि रविवारी काढायची विसरून इंजिन सुरू करायला गेले, ते काही केल्या होईना. ते सांगितलं तेव्हा बाई तिकडे इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला आणि फोन नानांनी घेतला. “बरेच दिवसांनी हसली,” नाना म्हणाले. “अजून काहीतरी घोटाळा कर बाई पुढच्या आठवड्यात.”

वाण्याकडे जायचं म्हणजे बाजारातून जायचं. माणसं भेटायची. “काय म्हणते गाडी?” विचारायची. मुलीचं कुणी विचारत नव्हतं, ते मला बरं वाटत होतं आणि वाईटही. चुनकळी आणायला, फडकी वाळवायला, काही ना काही निघायचं. रविवारची वाट बघते आहे हे माझ्याच एकदा लक्षात आलं आणि कसंतरीच झालं.

आषाढ संपता संपता मात्र वादळ झालं. दोन दिवस आणि दोन रात्री वारा थांबला नाही. खांब पडले, तारा तुटल्या, फोन बंद. दिनकर आदल्या दिवशी पहाटे गेले ते घरी आलेच नव्हते, कुठल्याशा वाडीला लाइन ओढत होते. सकाळी उजाडलं म्हणायला उजाडलं. मी खिडकीशी गेले आणि बघितलं तर झोपडीमागच्या बांधातून पाणी येत होतं.

आमच्या दोन्ही घरांच्या मागे लाल मातीचा उंच बांध होता. पाणी त्याच्यावरून नेहमीच यायचं, पण ते आज आतून येत होतं. बांधाच्या पोटातून, लालभडक, धारेनं. बघता बघता मातीचं एक ढेकूळ सुटलं, घरंगळत आलं नि मागच्या झडीवर आपटलं. झडी आत दबली.

इरलं घ्यायचंही सुचलं नाही. किल्ली घेतली नि पळाले. कुंपण ओलांडताना काट्यांनी हात फाटला, तो नंतर दिसला. आत बसले, चोक ओढला, बटण खेचलं. नुसती घरघर. पुन्हा घरघर. मागून धप्प धप्प आवाज येत होते. मी मोठ्यानं म्हटलं, “चल गं. चल ना गं बाई.” ती तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

आजवर मी तिला दोन हात पुढे आणि दोन हात मागे एवढंच घेतलं होतं. पहिला गिअर टाकला, पाय सोडला, जरा जास्तच पटकन सोडला. गाडी उडी मारून फळ्यांवरून उतरली, झोपडीबाहेर आली. फाटक उघडायला उतरावं लागलं. उतरले, उघडलं, मागं वळून बघितलं नाही, पुन्हा बसले. रस्त्यावर आले आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कुठं जायचं ते मला ठाऊक नाही.

आमच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं, रस्त्याचा ओढा झाला होता. जायचं तर एकच वाट, उताराची, बाजाराकडे. काचेवरचा पुसणारा दांडा हलतच नव्हता. मी डोकं खिडकीबाहेर काढलं आणि पहिल्याच गिअरमध्ये, ब्रेकवर जवळजवळ उभी राहून, त्या धुक्यात उतरत गेले. डोळ्यांत पाऊस जात होता. वाणी दुकानाच्या फळीआडून बघत होता, त्याच्या हातातलं माप तसंच हवेत राहिलं. बाजार संपला आणि डावीकडे इब्राहिमभाईंच्या तबेल्याचा दगडी दरवाजा दिसला. घोडे वाईला गेलेले, म्हणजे तबेला रिकामा असणार, हे त्या क्षणी सुचलं. मी आत वळवली. वळवली म्हणजे काय, एका बाजूचं चाक पायरीवरून गेलं आणि गाडी गचका खाऊन दरवाज्यात बंद पडली.

इब्राहिमभाई छत्री घेऊन धावत आले. “अरे, ही तर बाईंची गाडी! आत कोण आहे? वहिनी, तुम्ही?”

“बांध कोसळतोय,” मी म्हटलं. घराच्या दिशेनं हात केला.

त्यांनी दोघा गड्यांना आमच्या घराकडे पिटाळलं, उरलेल्यांनी ढकलून गाडी आत घेतली. आत कोरडं होतं. दगडी भिंती, उंच छप्पर, गवताचा उबदार वास. इब्राहिमभाईंच्या बायकोनं, रशिदाभाभींनी, मला त्यांची साडी दिली, हातावर हळद दाबली आणि चुलीपुढे बसवून चहा दिला. तेवढ्यात गडी परत आले. घरांना काही झालं नव्हतं, पण बांध खाली आला होता. गाडीची झोपडी दिसतच नव्हती. तिच्या जागी लाल मातीचा ढीग.

“अल्लाची मेहेरबानी,” इब्राहिमभाई म्हणाले आणि मोठा श्वास सोडून माझ्यासमोर बसले. “मी मे महिन्यातच बाईंना सांगितलं होतं, हा तबेला चार महिने रिकामा असतो, इथं आणून ठेवा, खडखडीत कोरडी राहील. शेवटी आणलीतच तुम्ही.”

“तुम्ही सांगितलं होतं?”

“मग! दोनदा सांगितलं. नाना तर तयारच होते.”

“अहो, चहा गार होतोय तुमचा,” रशिदाभाभी म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की ते वाक्य चहाचं नव्हतं हे मला कळलं.

“मग बाई का नाही म्हणाल्या?” मी विचारलं.

इब्राहिमभाईंनी बायकोकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. पण पोटात काही ठेवणं त्यांना जमायचं नाही.

“आता सांगायला हरकत नाही. मी म्हटलं, बाई, अशी कशी बाहेर ठेवता, गंजून जाईल. तर त्या म्हणाल्या, ‘इब्राहिम, तुझ्या तबेल्यात गाडी चांगली राहील, पण मग तिच्याकडे बघायला कुणाला यावं लागणार नाही. शेजारची पोर दार लावून पडून असते. मी इथं असते तर काही केलं असतं, पण मी नसणार. ही तिच्या खिडकीसमोर भिजत राहिली तर ती उठून बाहेर येईल.’ मी म्हटलं, आणि गंजली तर? म्हणाल्या, ‘गंजू दे. गंज घासून काढता येतो.’”

चुलीतली लाकडं ओली होती, धूर येत होता. मी त्या धुरातून गाडीकडे बघितलं. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं. छातीत गाठ घेऊन मुंबईला निघालेली ती बाई, परत येईल की नाही हे तिचं तिला ठाऊक नाही, आणि जाण्याआधी तिनं बसून विचार केला होता तो माझा. आपली एवढी लाडकी गाडी तिनं पावसात सोडली होती, मी घराबाहेर यावं म्हणून.

रशिदाभाभी माझ्या जवळ सरकल्या. नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर बघा.” ते गेले. मग त्यांनी हळूच विचारलं, “कुणावर गेली होती गं? तुझ्यावर की त्यांच्यावर?”

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

“नाक यांचं होतं,” मी म्हटलं. “आणि केस, भाभी, इतके केस होते तिला.” आणि मग मी बोलतच सुटले. ती कशी दिसायची, मूठ कशी घट्ट धरायची, दुसऱ्या दिवशी एकदा डोळे उघडून कशी बघत राहिली होती. बोलता बोलता रडायला लागले, रडता रडता बोलत राहिले. रशिदाभाभी माझी पाठ थोपटत होत्या आणि त्यांचं स्वतःचं तोंड पदरात होतं.

दुपारी दिनकर आले. घरी गेले तर अंगणात माती, दार सताड उघडं, मी नाही. कुणीतरी सांगितलं तसे पळत तबेल्यात आले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, दोन दिवसांची दाढी. मला बघितलं, गाडीला बघितलं.

“इथवर कुणी आणली?”

“मी.”

“तू चालवलीस? बाजारातून?”

“पहिल्या गिअरमध्ये,” मी म्हटलं.

ते गाडीला टेकले आणि हसायला लागले. होळीनंतर पहिल्यांदाच. हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं आणि खांदे हलायला लागले, तेव्हा मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्या रात्री आम्ही मुलीला नाव ठेवलं. ते आम्हा दोघांतच राहिलंय, इथंही सांगत नाही.

आठवडाभरानं पाऊस जरा हलका झाला. मी इब्राहिमभाईंना म्हटलं, “आमच्या अंगणात, अगदी दारासमोर, पुन्हा झड्या बांधून द्याल?”

“इथं कोरडा तबेला असताना?”

“हो.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, “बांबू लागतील नवे.” आणि दुसऱ्या दिवशी बांधून दिल्या. गाडी परत नेताना ते शेजारी बसले आणि दुसरा गिअर शिकवला.

फोन मात्र पार श्रावण सरेपर्यंत बंद होते. दर गुरुवारी दहाला मी वाण्याकडे जाऊन बसायची. वाणी रिसीव्हर उचलून कानाला लावायचा, मान हलवायचा, ठेवायचा. बाई आहेत की नाहीत, तेही कळायला मार्ग नव्हता. मी रविवारी इंजिन सुरू करायची नि गाडीला विचारायची. शेवटी एका गुरुवारी तो वाजला. नानांचा आवाज. “बाई?” एवढंच मी विचारलं.

“थांब, देतो तिला,” नाना म्हणाले.

आवाज फार बारीक झाला होता. “चालू होते का?”

मी बांधाचं सांगितलं, झोपडीचं सांगितलं, गाडी कुठवर नेली ते सांगितलं.

“इब्राहिमच्या तबेल्यात नेलीस?”

“हो.”

“मग? काय म्हणाला इब्राहिम?”

“चहा घ्या म्हणाले.”

“घेतलास?”

“घेतला, बाई.”

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. फोन ठेवला नाही मात्र. आम्ही दोघी बराच वेळ तशाच, न बोलता, तारेच्या दोन टोकांना उभ्या राहिलो. वाणी पाठ करून साखर मोजत राहिला.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. त्यानंतर मला दोन मुलं झाली, आणि बाईंनी त्या दोघांना शाळेत जायच्या आधीच वाचायला शिकवलं, इतकी वर्षं त्या पुढे जगल्या. त्यांच्यासाठी मी काय काय केलं हे लोक सांगतात. त्यांनी माझ्यासाठी काय केलं, ते घरची माणसं, इब्राहिमभाई आणि रशिदाभाभींखेरीज कुणाला नीट माहीत नव्हतं. म्हणून हे लिहिलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी निरोप आला. बाई परत येत होत्या. मुंबईहून वाईपर्यंत एस.टी.नं, आणि पुढे घाट चढायला टॅक्सी नको, प्रभाला गाडी घेऊन पाठवा. तोवर मी साताऱ्याला जाऊन लायसन्स काढलं होतं. दिनकर बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

वाईच्या स्टँडवर नानांनी हात धरून त्यांना उतरवलं. साडी अंगावर नुसती लोंबत होती, डोक्याला स्कार्फ होता, चेहरा एवढासा झाला होता. मी पाया पडले. त्यांनी मला उठवलं नि आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, सावकाश, बोनेटवर हात टेकत. दाराच्या खालच्या कडेला वाकून बघितलं.

“गंजलीय.”

“हो बाई. मागचा बंपरही.”

“हं.” त्या सरळ झाल्या आणि सवयीनं उजव्या दाराशी गेल्या. तिथं जरा थबकल्या. मग वळून डावीकडे आल्या नि नानांना म्हणाल्या, “तुम्ही मागे बसा.”

कृष्णेचा पूल ओलांडला, गाव मागे पडलं. पसरणीच्या घाटाखाली शेतं हिरवीगार होती आणि आभाळ धुतल्यासारखं. माझ्या मनात कितीतरी दिवस जुळवून ठेवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही येईना.

“बाई, इब्राहिमभाईंनी मला सगळं सांगितलं,” शेवटी मी म्हटलं.

“ठाऊक आहे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“तुम्ही स्वतः इतक्या आजारी असताना... मी तुमचे उपकार कसे...”

“समोर बघ,” त्या म्हणाल्या. “वळण आहे.”

मी समोर बघितलं. गिअर बदलला, हॉर्न दिला, वळण घेतलं. त्यांचा हात माझ्या हातावर आला, गिअरच्या दांड्यावरच, थोडा वेळ राहिला आणि त्यांच्या मांडीवर परत गेला. पुढच्या वळणावर मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी डोळे मिटले होते. मला भीती वाटली. मागून नाना वाकून हळूच म्हणाले, “झोपलीय. गाडीत कधी झोपत नाही गं ही. दुसऱ्या कुणी चालवली की टॅक्सीतसुद्धा टक्क जागी असते, त्याचे ब्रेक स्वतःच्या पायानं दाबत. आज झोपलीय.”

मी वेग कमी केला. घाटभर दुसऱ्याच गिअरमध्ये राहिले, एकही दचका बसणार नाही असं बघत. मागून एस.टी. आली, हॉर्न देऊ लागली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला पुढे जायला सांगितलं.